आंद्रे द जायंट : सात फुटी पैलवान, ज्याला धंद्याने कधी एका गावात टिकू दिलं नाही

जत्रेतला आकाशपाळणा लोकांना भारी का वाटतो? वर्षातून एकदाच येतो म्हणून. तोच पाळणा गावच्या चौकात बारा महिने उभा राहिला, तर दुसऱ्या महिन्यापासून त्याच्याकडे कोणी मान वर करूनही बघणार नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कुस्तीच्या धंद्याने हेच गणित एका जिवंत माणसाला लावलं. त्याचं नाव आंद्रे रुसिमॉफ. जग त्याला आंद्रे द जायंट म्हणून ओळखतं. जाहिरातीतली उंची सात फूट चार इंच, वजन ५२० पौंड, म्हणजे साधारण २३६ किलो. यातले काही इंच प्रमोटरांनी पदरचे घातले होते, हे आता बहुतेक जण मान्य करतात. पण ते वजा केले तरी उरणारा माणूस दारातून वाकूनच आत यायचा.

त्याची एकही कुस्ती तुम्ही पाहिली नसेल, तरी चेहरा पाहिलेला असू शकतो. रस्त्यावर 'ओबे' छापलेले टी-शर्ट मिळतात ना, त्या ब्रँडच्या चिन्हातला जाड भुवयांचा, रोखून बघणारा चेहरा याचाच. १९८९ मध्ये शेपर्ड फेअरी नावाच्या अमेरिकन कला-विद्यार्थ्याने गंमत म्हणून आंद्रेच्या फोटोचं स्टिकर केलं आणि भिंतींवर चिकटवत सुटला. पुढे नावाच्या हक्कावरून अडचण आली, तेव्हा आंद्रेचं नाव गेलं आणि 'ओबे' आलं. चेहरा तेवढा राहिला.

आता मुद्द्याचं. आज डब्ल्यूडब्ल्यूईत जायचं तर वाट ठरलेली आहे. फ्लोरिडातल्या ऑरलँडोला कंपनीचं स्वतःचं परफॉर्मन्स सेंटर आहे. तालीमच म्हणा. पडायचं कसं, माइकवर बोलायचं कसं, कॅमेऱ्याकडे बघायचं कधी, सगळं तिथे शिकवतात. मग एनएक्सटी नावाच्या धाकट्या शोमध्ये उतरवतात आणि तिथे जमलं तर वरच्या मोठ्या शोमध्ये बढती.

आंद्रेच्या काळात यातलं काहीच नव्हतं. अमेरिका आणि कॅनडाचे दोन डझनांहून जास्त तुकडे पडले होते. प्रत्येक तुकड्याला टेरिटरी म्हणायचे आणि प्रत्येकीचा मालक म्हणजे एक प्रमोटर. न्यूयॉर्कचा वेगळा, मिनियापोलिसचा वेगळा, पोर्टलंडचा वेगळा, टेक्सासचा वेगळा. १९४८ मध्ये यातल्या काही जणांनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाची संघटना काढली आणि पुढे बहुतेक जण तिच्यात आले. अलिखित नियम साधा होता : दुसऱ्याच्या शिवारात नांगर घालायचा नाही.

नवा पोरगा एका टेरिटरीत काही महिने राहायचा, तिथल्या जुन्या खोडांकडून शिकायचा आणि लोक कंटाळायच्या आत पुढच्या टेरिटरीत जायचा. तमाशाच्या फडासारखंच, फरक इतकाच की इथे फड जागेवर आणि कलावंत फिरता. याच रस्त्याने एक शेतकऱ्याचा पोरगा फ्रान्समधून निघाला आणि न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला.

आंद्रेचा जन्म १९ मे १९४६ चा, पॅरिसच्या पूर्वेला कुलोमिए इथला. वाढला मोलियाँ नावाच्या छोट्या वस्तीत. वडील बोरिस बल्गेरियातून आलेले, आई पोलंडची. पाच भावंडं, घरची शेती. घरातली बाकी मंडळी चारचौघांसारखी. आंद्रे मात्र वाढत सुटला. शरीरात काय चाललंय हे घरात कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शेतावर तीन माणसांचं काम करणारा पोरगा म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

याच भागात सॅम्युअल बेकेट राहायचा. तोच, ज्याला पुढे १९६९ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. त्याचं घर बांधायला बोरिसने हातभार लावला होता. इंटरनेटवर एक गोष्ट फिरते की आंद्रे शाळेच्या बसमध्ये मावत नव्हता म्हणून बेकेट त्याला रोज स्वतःच्या गाडीतून शाळेत सोडायचा. गोष्ट झकास आहे, पण फुगवलेली आहे. बेकेट गावातल्या पोरांना रस्त्यात दिसली की गाडीत घ्यायचा आणि त्या पोरांमध्ये आंद्रेही असायचा, इतकंच. पण आंद्रेचं आयुष्य असंच आहे. कुठलाही किस्सा हातात घ्या, मूळ गोष्ट छोटी निघते आणि वर दोन-चार इंच जास्तीचे चढवलेले असतात.

चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याने शाळा सोडली. शेती, सुतारकाम, कारखाना असं सगळं करून पाहिलं. यातल्या कशातच मन रमलं नाही आणि अठराव्या वर्षाच्या आसपास त्याने पॅरिस गाठलं.

पॅरिसमध्ये रोबेर लाजा नावाच्या प्रमोटरची नजर त्याच्यावर पडली. असा देह फुकट घालवायचा नसतो हे कळण्याइतका लाजा मुरलेला होता. दिवसा आंद्रे घरसामान हलवणाऱ्यांकडे हमाली करायचा आणि रात्री कुस्ती शिकायचा. रिंगमधलं नाव मिळालं जेआँ फेरे. ल ग्राँ फेरे हा चौदाव्या शतकातला फ्रेंच लोककथेतला धिप्पाड शेतकरी, इंग्रजांशी लढलेला. शेतकऱ्याच्या पोराला हे नाव शोभून दिसलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही कुस्ती म्हणजे आपल्या मातीतली निकाली कुस्ती नव्हे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. पण इथे तीच कला आहे. दोघांनी मिळून लोकांना गोष्ट सांगायची आणि ती सांगताना एकमेकांची मान मोडायची नाही. आपटणं खरं, पाठीला लागणारा मार खरा, फक्त निकाल ठरवलेला.

तरुण आंद्रे या कलेत चपळ होता. उडी घेऊन दोन्ही पाय समोरच्याच्या छातीवर मारायचा, ज्याला ड्रॉपकिक म्हणतात. दोनशे किलोच्या पुढे गेलेला, सुजलेल्या गुडघ्यांचा आंद्रे ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे पटत नाही. पण त्या काळातलं फिल्म उपलब्ध आहे.

१९६६ च्या सुमारास त्याला फ्रँक व्हालुआ भेटला. हा कॅनडाचा, माँट्रियलचा पैलवान. पुढे तोच आंद्रेचा मॅनेजर, दुभाषी आणि व्यवहार बघणारा माणूस झाला. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आफ्रिका असे दौरे झाले. १९७० मध्ये तो जपानला गेला, इंटरनॅशनल रेसलिंग एंटरप्राइज या कंपनीत. तिथे त्याला मॉन्स्टर रुसिमॉफ म्हणून उतरवलं. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याची दोन-तीन देशांत दोन-तीन नावं झाली होती आणि प्रत्येक ठिकाणी तो नवाकोरा होता.

मग १९७१ मध्ये माँट्रियल. हे शहर फ्रेंच बोलणारं, त्यामुळे आंद्रेला परकं वाटायचा प्रश्न नव्हता. व्हाशॉन बंधूंनी तिथे नुकतंच ग्रां प्री रेसलिंग सुरू केलं होतं. आंद्रे येताच तिकीटबारीवर रांगा लागल्या. १९७२ मध्ये माँट्रियल फोरममध्ये त्याची डॉन लिओ जोनाथनशी कुस्ती लावली. जोनाथन स्वतः साडेसहा फुटी. दोन डोंगरांची टक्कर अशी जाहिरात झाली आणि लोक तुटून पडले.

आणि मग प्रमोटरांना कळलं की आपण अडकलोय.

जोनाथनसारखा माणूसही आंद्रेसमोर टिकत नाही म्हटल्यावर पुढे कोणाला उभं करायचं? नुरा कुस्तीतही लोकांना एक शंका वाटावी लागते, की आज कदाचित हा हरेल. आंद्रेच्या बाबतीत ती शंकाच येत नव्हती. तो येणार, समोरच्याला उचलणार, बाजूला ठेवणार. पहिल्यांदा बघताना डोळे विस्फारतात. पाचव्यांदा बघताना माणूस शेंगदाणे आणायला उठतो. गर्दी ओसरू लागली. पोरगा तोच, देह तोच, पण पाळणा चौकात कायमचा उभा राहिला होता.

व्हालुआ १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट मॅकमोहनकडे गेला. हा थोरला मॅकमोहन. आज ज्याला व्हिन्स मॅकमोहन म्हणून जग ओळखतं, त्याचे वडील. वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन ही न्यूयॉर्क भागातली टेरिटरी त्याची.

थोरल्या मॅकमोहनने दुखणं लगेच ओळखलं. त्याने नाव बदललं, आंद्रे द जायंट केलं. उड्या मारणं कमी करायला सांगितलं, कारण डोंगर उडी मारत नाही, डोंगर उभा राहतो आणि बाकीचे त्याच्यावर आपटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, याला एका ठिकाणी ठेवायचंच नाही असं ठरवलं. आंद्रेचं बुकिंग मॅकमोहनच्या हातात राहील आणि तिथून तो देशभरच्या, जगभरच्या प्रमोटरांना थोड्या थोड्या दिवसांसाठी उसना दिला जाईल.

२६ मार्च १९७३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आंद्रेने बडी वुल्फला हरवलं आणि नव्या नावाचा कारभार सुरू झाला.

पुढची दहा वर्षं हा माणूस अक्षरशः रस्त्यावर होता. आज टेक्सास, परवा फ्लोरिडा, पुढच्या आठवड्यात कॅनडा, मग जपान. ज्या टेरिटरीचा धंदा बसलाय तिथल्या प्रमोटरने न्यूयॉर्कला फोन करायचा, आंद्रे काही दिवस यायचा, स्टेडियम भरायचं. बऱ्याचदा त्याला बॅटल रॉयलमध्ये टाकायचे, म्हणजे पंधरा-वीस पैलवान एकाच रिंगमध्ये आणि शेवटी उरेल तो जिंकला. यात सोय अशी की आंद्रेला बाहेर ढकलायला सात-आठ जण एकत्र आले तर कोणाचीच अब्रू जात नाही. कधी तो गावच्या हिरोचा जोडीदार म्हणून उतरायचा. असा माणूस आपल्या पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे हे पाहिलं की त्या पैलवानाचा भाव पुढचे सहा महिने टिकायचा. आंद्रे निघून जायचा, त्याने सोडलेल्या उजेडात दुसरे कमवत राहायचे.

त्यालाही पैसा मिळाला. त्या दशकात गिनीज बुकने सर्वाधिक कमाई करणारा पैलवान म्हणून त्याची नोंद केली. २५ जून १९७६ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याने बॉक्सर चक वेपनरला उचलून रिंगच्या वरच्या दोरावरून बाहेर टाकलं. हा तोच वेपनर, ज्याच्या महंमद अलीविरुद्धच्या लढतीवरून सिल्व्हेस्टर स्टॅलनला 'रॉकी' सुचला. त्याच सुमाराला टीव्हीवरच्या 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' मालिकेत आंद्रेने केसाळ बिगफूटची भूमिका केली.

हे सगळं ऐकायला मजेदार वाटतं. पण विमानाच्या संडासात मावत नसलेल्या माणसाचा जपानपर्यंतचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. टेलिफोनची तबकडी फिरवायला बोट शिरत नसे, म्हणून पेन्सिल वापरायची. खुर्च्या, पलंग, मोटारी, चमचे, सगळं दुसऱ्या कोणासाठी बनवलेलं. रस्त्यात लोक बोट दाखवायचे आणि ते टाळायला लपायची सोयच नव्हती. दाढी वाढवून, चष्मा लावून ओळख लपवणारे स्टार असतात. हा काय लावून लपणार?

त्याच्या दारू पिण्याच्या गोष्टी तर आता दंतकथा झाल्या आहेत. सहा तासांत ११९ बिअर हा आकडा सगळीकडे सापडतो. आकडा मोजला कोणी, हे विचारायच्या भानगडीत पडू नये. पण भरपूर प्यायचा हे त्याच्याबरोबर फिरलेल्या सगळ्यांनीच सांगितलंय आणि पुढे पुढे त्यात मजेपेक्षा दुखणं दाबण्याचा भाग जास्त होता. ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना तो बॉस म्हणायचा, मुंबईच्या रिक्षावाल्यासारखं. जेवणाचं बिल दुसऱ्याला भरू द्यायचा नाही. याची दुसरी बाजूही आहे. एखादा पैलवान आवडला नाही, तर रिंगमध्ये नाटक बाजूला ठेवून त्याला खरंच चेपायचा आणि त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. त्याला एक मुलगी होती. बाप-लेकीची भेट आयुष्यभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली.

१९८१ मध्ये त्याचा घोटा मोडला. कसा? पलंगावरून उठताना. एवढाच प्रसंग. पण पलंगावरून उठताना मोडलेला घोटा कोण तिकीट काढून बघणार? त्याच सुमाराला त्याची किलर खान नावाच्या पैलवानाशी कुस्ती झाली होती. जाहिरातीत मंगोलियन असलेला हा खान मुळात जपानी. लोकांना सांगण्यात आलं की खानने वरून उडी मारून आंद्रेचा पाय मोडला. आंद्रे बरा होऊन परत आला तेव्हा सुडाच्या लढती लागल्या आणि हाऊसफुल गेल्या. नुरा कुस्तीचा धंदा कसा चालतो हे एका उदाहरणात समजून घ्यायचं असेल, तर हे उदाहरण पुरेसं आहे.

या घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टरांना घोट्यापेक्षा मोठी गोष्ट दिसली. आंद्रेला अ‍ॅक्रोमेगली होती.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. वाढीचं हार्मोन तिथून येतं. त्या ग्रंथीवर गाठ आली, की हे हार्मोन थांबायचं नाव घेत नाही. लहान वयात हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात, तेव्हा असं झालं तर माणूस उंच वाढत जातो. टोकं जुळल्यावर उंची थांबते, पण हार्मोन थांबत नाही. मग हात-पाय रुंद होतात, जबडा पुढे येतो, कपाळ जाड होतं, सांधे झिजतात आणि आतल्या आत हृदयही मोठं होत जातं. बाहेरून दिसणारा माणूस दिवसेंदिवस जास्त राक्षसी, आतून तितकाच कमकुवत. आपल्या खलीलाही पिट्युटरीवरच गाठ होती. २०१२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून ती काढली.

आंद्रेलाही उपचार सुचवले गेले. त्याने नकार दिला. जपानमध्ये १९७० मध्येच त्याला या आजाराबद्दल सांगितलं होतं, असंही म्हणतात. नकाराची कारणं लोक वेगवेगळी देतात. कोणी म्हणतं देवाने दिलंय तसं ठेवायचं असा त्याचा विचार होता, कोणी म्हणतं कुस्ती सुटण्याची भीती होती. पण एक हिशेब बाहेरूनही दिसतो. डॉक्टर ज्याला आजार म्हणत होते, त्याच्यावरच पंधरा वर्षं त्याचं पोट चाललं होतं. त्याच्या शिवाय जगात दुसरं काही करायला तो शिकलाच नव्हता.

इथून पुढे धंदाच बदलला. १९८२ मध्ये धाकट्या व्हिन्सने वडिलांकडून कंपनी विकत घेतली. वडिलांनी आयुष्यभर पाळलेला शिवाराचा नियम त्याने मोडला. केबल टीव्हीवरून तो प्रत्येकाच्या टेरिटरीत घुसला, त्यांचे पैलवान पळवले आणि काही वर्षांत एकेक टेरिटरी बंद पडत गेली. ज्या फिरत्या व्यवस्थेने आंद्रेला मोठं केलं ती संपली. उसना द्यायला आता कोणी उरलंच नव्हतं. अमेरिकेत तो फक्त डब्ल्यूडब्ल्यूएफचा झाला आणि दर आठवड्याला टीव्हीवर दिसू लागला. नेमकं तेच, जे थोरल्या मॅकमोहनने दहा वर्षं टाळलं होतं.

३१ मार्च १९८५ ला पहिल्या रेसलमेनियात त्याने बिग जॉन स्टडला उचलून आपटलं. पण तोवर शरीर साथ सोडू लागलं होतं. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये 'द प्रिन्सेस ब्राइड' या सिनेमाचं शूटिंग झालं, त्यात त्याने फेझिक नावाच्या मायाळू राक्षसाचं काम केलं. त्याच काळात पाठीचं ऑपरेशन झालं. सिनेमात एका दृश्यात नायिका वरून त्याच्या हातात पडते. हलकीफुलकी नायिका, पण तिचंही वजन त्याला पेलवत नव्हतं. तिला तारांनी तोलून धरावं लागलं. हा सिनेमा मात्र त्याला मनापासून आवडायचा. रिंगमध्ये त्याने आयुष्यभर लोकांना घाबरवलं, इथे लोकांनी त्याच्यावर प्रेम केलं.

आणि मग व्हिन्सने त्याला शेवटचं मोठं काम सांगितलं : हरायचं.

हल्क होगन हा कंपनीचा नवा देव. पण कोणाला तरी पाडल्याशिवाय देवाचं देवपण पक्कं होत नाही. १९८७ च्या सुरुवातीला टीव्हीवर आंद्रे खलनायक बॉबी हीननबरोबर आला, त्याने होगनला आव्हान दिलं, त्याचा शर्ट फाडला, गळ्यातला क्रॉस तोडला. इतकी वर्षं टाळ्या घेतलेला आंद्रे एका मिनिटात व्हिलन झाला. प्रचार असा झाला की पंधरा वर्षं हा माणूस अजिंक्य आहे आणि याला कोणी उचलून आपटलेलं नाही.

दोन्ही गोष्टी खोट्या. १९८४ मध्ये मेक्सिकोत कानेकने त्याला आपटलं होतं. जपानमध्ये १९८६ मध्येच अंतोनियो इनोकीने त्याला हार मानायला लावली होती. खुद्द होगननेही १९८० मध्ये त्याला उचललं होतं. पण तेव्हा ना यूट्यूब, ना फॅक्ट चेक. एका टेरिटरीत घडलेलं दुसरीकडे पोहोचायचंच नाही आणि नेमक्या याच गोष्टीवर आंद्रेचं सगळं करिअर उभं होतं.

२९ मार्च १९८७, रेसलमेनिया ३, मिशिगनमधलं पाँटियाक सिल्व्हरडोम. कंपनीचा आकडा ९३,१७३ प्रेक्षकांचा. जाणकार तो ७८ हजारांच्या आसपास धरतात. म्हणजे इथेही वरचे काही इंच होतेच. आंद्रेच्या काळ्या पोशाखाखाली पाठीचा पट्टा होता. चालणं अवघड, वाकणं त्याहून अवघड. लढत जेमतेम बारा मिनिटांची आणि त्यातला मोठा भाग त्याने होगनला नुसतं मिठीत आवळून धरण्यात गेला. कुस्ती म्हणून बघाल तर फार सामान्य.

पण बघणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. होगनने नंतर अनेकदा सांगितलं की आंद्रे शेवटी उचलू देईल की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. होगनला कथा रंगवायची सवय होती, त्यामुळे थोडं सोडून द्या. पण एक गोष्ट खरी, आंद्रेने ठरवलं असतं तर त्याला उचलणं कोणाच्याही बापाला जमलं नसतं. त्याने उचलू दिलं. पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाने स्वतःला उचलू दिलं, आपटू दिलं, होगनचा पाय मानेवर घेतला आणि तीन मोजेपर्यंत पडून राहिला. मग रिंगच्या आकाराच्या छोट्या गाडीवर बसून बाहेर गेला. चालत जाण्याइतका तो रस्ता लहान नव्हता.

पुढच्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९८८ ला, दोघांची लढत एनबीसीवर लाइव्ह दाखवली आणि ती ३.३ कोटी लोकांनी पाहिली. तेव्हा आंद्रे जिंकला, वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि कथेप्रमाणे त्याने तो किताब लगेच टेड डिबियासीच्या हवाली केला. पंधरा वर्षांच्या वाटचालीनंतर मिळालेलं चॅम्पियनपद काही मिनिटांचं. १९८९ च्या शेवटी हाकूबरोबर जोडीचा किताब मिळाला, तो एप्रिल १९९० मध्ये टोरोंटोच्या रेसलमेनियात गेला. हाकूच बहुतेक वेळ लढायचा. आंद्रे दोराला धरून उभा असायचा. दोर सोडला तर तोल जाईल अशी अवस्था होती.

यानंतर माणसाने घरी बसावं. घरही होतं. नॉर्थ कॅरोलिनात एलर्बी गावाजवळ त्याचं रँच होतं, लांब शिंगांची गुरं होती, तिथली दुकानदार मंडळी त्याला बघून अचंबित व्हायची बंद झाली होती. सवय होणं हा धंद्यात त्याचा शत्रू, पण एलर्बीत तेच सुख होतं. तरीही तो जपानला जात राहिला. ऑल जपान कंपनीत जायंट बाबा हा तिथला उंच, वयस्क पैलवान त्याचा जोडीदार. दोघे मिळून हसतखेळत, बऱ्याचशा विनोदी लढती करायचे. जपानी प्रेक्षक हसायचे, टाळ्या वाजवायचे. डिसेंबर १९९२ मध्ये टोकियोत त्याची शेवटची लढत झाली.

जानेवारी १९९३ मध्ये वडील बोरिस गेले. आंद्रे अंत्यसंस्कारासाठी फ्रान्सला आला आणि आईजवळ काही दिवस थांबला. मुक्काम पॅरिसच्या एका हॉटेलात. २८ जानेवारीला तो खोलीत मृत सापडला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय ४६.

डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याच वर्षी हॉल ऑफ फेम सुरू केला आणि पहिल्या वर्षी त्यात एकच नाव घातलं, आंद्रेचं. त्याची राख अमेरिकेत नेली आणि एलर्बीच्या रँचवर पसरली. त्या गावच्या रँकिन संग्रहालयात त्याच्या वस्तू ठेवल्या आहेत आणि त्या बघायला अजून लोक येतात.